थेंबांचा हिशेब : कवी कोलरिज

ज्यांनी कॉलेजात इंग्रजी काव्य वाचले आहे त्यांना सॅम्युएल टेलर कोलरिज हा कवी दोन गोष्टींमुळे आठवतो. एक, अल्बट्रॉस पक्षी मारून पस्तावलेला तो म्हातारा खलाशी. आणि दुसरी, ‘कुब्ला खान’ ही अर्धवट राहिलेली कविता. या दुसऱ्या कवितेला अफूची कथा चिकटली आहे. तिच्यामुळे कोलरिज म्हणजे सुंदर स्वप्ने पडावीत म्हणून अफू खाणारा एक विलासी कवी, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याची पत्रे, टिपणवह्या आणि त्याच्या सोबत्यांच्या आठवणी वाचल्यावर मला जो माणूस दिसला तो निराळा आहे. तो दुखण्याने गांजलेला आणि दुखण्याला भ्यालेला माणूस होता. त्याच्या दुखण्याला औषध होते, औषधाला गुणही होता. परंतु ते औषध कोणाला, किती आणि कोणाच्या हातून द्यावे हे विचारणारे त्याच्या जवळ फार उशिरा कोणी आले. त्याचे चरित्र मी येथे सांगणार आहे ते या एका बाजूने.

माळव्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना अफू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मंदसोर-नीमचच्या बाजूला पोस्ताची शेते फुललेली पुष्कळांनी पाहिली आहेत आणि होळकर-शिंद्यांच्या मुलखातील सावकारीचा केवढा मोठा भाग एके काळी या मालावर उभा होता, हे जुन्या घराण्यांना ठाऊक आहे. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई. कोलरिजच्या इंग्लंडात खपे ती बहुतेक तुर्कस्तानची. तेव्हा त्याच्या बाटलीचे पाप आपल्या माथी येत नाही. पण जो प्रश्न त्याच्या घरात होता तो आज आपल्याही घरात येतो. कर्करोगाने कण्हणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी डॉक्टरांनी मॉर्फीनचे नाव काढले, की सारे घर दचकते. आणि तेच घर कंबरदुखीवर त्याच जातीच्या सौम्य गोळ्या महिनोन्‌महिने, कोणालाही न विचारता, घेत राहते. ही भीती आणि ही बेफिकिरी दोन्ही एकाच अज्ञानातून येतात.

कोलरिजचा जन्म २१ ऑक्टोबर १७७२ रोजी डेव्हन परगण्यातील ऑटरी सेंट मेरी या गावी झाला. वडील तेथले धर्मोपदेशक आणि शाळेचे मुख्याध्यापक. मोठ्या कुटुंबातले हे शेंडेफळ, म्हणून वडिलांचा लाडका आणि थोरल्या भावंडांच्या डोळ्यांवर आलेला. सात-आठ वर्षांचा असताना भावाशी चीजच्या तुकड्यावरून भांडण झाले. पोराने सुरी उचलली आणि आईच्या भीतीने घरातून पळ काढला. ती रात्र त्याने नदीकाठी, थंडीवाऱ्यात काढली. पहाटे लोकांनी त्याला उचलून आणले तेव्हा त्याचे अंग आखडून गेले होते. त्यानंतर अनेक वर्षे आपल्याला हिवताप येत असे आणि त्याचे मूळ त्या रात्रीत आहे, असे तो मोठेपणी सांगे.

१७८१ साली वडील अकस्मात वारले. मुलाला नववे वर्ष पुरे होत होते. पुढच्याच वर्षी त्याची रवानगी लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत झाली. नाव ‘हॉस्पिटल’ असले तरी ती गरीब व पोरक्या मुलांची निवासी शाळा होती. येथे त्याला चार्ल्स लॅमसारखा जन्माचा मित्र मिळाला. ग्रीक-लॅटिनवर त्याने असे प्रभुत्व मिळवले की गुरुजनांनी तोंडात बोट घालावे. पण घर सुटले ते सुटलेच. याच शाळेत असताना एकदा त्याने कपड्यांसकट नदी पोहून पार केली आणि ओले कपडे अंगावरच वाळू दिले. त्यातून संधिवाताचा ताप जडला आणि कित्येक महिने शाळेच्या रुग्णशय्येवर गेले. सांध्यांच्या दुखण्याचा हा पहिला मोठा हप्ता. पुढचे हप्ते आयुष्यभर वसूल होत राहिले.

केंब्रिजला तो १७९१ साली गेला. पहिले वर्ष उत्तम. नंतर दारू, कर्ज, मनाची ओढाताण. १७९३ च्या डिसेंबरात हा विद्वान खोटे नाव घेऊन घोडदळात भरती झाला! घोड्यावर धड बसता न येणारा हा शिपाई काही महिन्यांनी भावांनी खटपट करून सोडवून आणला. लष्कराच्या दप्तरी कारण नोंदले गेले ते वेडाचे. मग रॉबर्ट साउदीची मैत्री, अमेरिकेत जाऊन समतेची वसाहत उभारण्याचे बेत आणि त्या बेताच्या भरात, १७९५ साली, सेरा फ्रिकर हिच्याशी विवाह. वसाहत झाली नाही. विवाह मात्र होऊन बसला.

या सगळ्या गोष्टी मी मुद्दाम एका ओळीत मांडतो आहे. लहानपणी पितृवियोग, घरापासून तुटलेले बालपण, तरुणपणी दारूचे दिवस, मनाला वारंवार येणारी मरगळ, कर्ज आणि न जमलेला संसार, यांतल्या बऱ्याच गोष्टी आजचा जाणता डॉक्टर अफूच्या जातीचे औषध दीर्घकाळ देण्यापूर्वी विचारतो. २००५ साली अमेरिकेत याच हेतूने एक छोटी प्रश्नपत्रिका प्रसिद्ध झाली. तीत रोग्याच्या व त्याच्या कुटुंबातील दारूचे आणि इतर व्यसनांचे प्रश्न आहेत, वयाचा आहे, बालपणी झालेल्या अत्याचाराचा आहे, मनाच्या विकाराचा आहे. कोलरिजचे गुण त्या पत्रिकेत बरेच वर गेले असते. अशा पत्रिका भविष्य वर्तवीत नाहीत, हेही पुढच्या अभ्यासांतून ठरले. कमी गुणांचेही काही बुडतात आणि जास्त गुणांचेही काही तरतात असे दिसून आले आहे. पण विचारपूस केली म्हणजे निदान कोणावर जास्त लक्ष ठेवावे एवढे कळते. कोलरिजला हे कोणी विचारले नाही. विचारण्याची पद्धतच नव्हती.

कारण त्या काळच्या इंग्लंडात अफू वाण्याच्या दुकानातही मिळे. १८६८ च्या औषधविक्रीच्या कायद्यापूर्वी तिच्यावर म्हणण्यासारखे बंधनच नव्हते. मद्यार्कात अफू मुरवून केलेला तपकिरी अर्क, लॉडनम, दातदुखीला, खोकल्याला, हगवणीला, रडणाऱ्या तान्ह्या मुलालाही देत. आपल्याकडे लेकराला अफूची कणी देऊन आया कामाला जात, त्याच्याशी हे ताडून पाहावे. १७९६ च्या नोव्हेंबरात कोलरिजचा अर्धा चेहरा मज्जातंतूच्या कळांनी फाटू लागला तेव्हा त्याने दर पाच तासांनी पंचवीस थेंब लॉडनम घेतले आणि मित्राला तसे मोकळेपणाने कळवलेही. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे ना त्याला वाटले, ना मित्राला.

याच सुमारास तो नेदर स्टोवी या खेड्यात राहायला गेला. वर्ड्स्वर्थ शेजारी आला, आणि वर्षभरात इंग्रजी काव्याचा ओघ बदलला. १७९८ साली दोघांचा ‘लिरिकल बॅलड्स’ निघाला. वृद्ध खलाशाचे काव्य त्याच्या आरंभीच होते. ‘कुब्ला खान’ ही याच दिवसांतली. हगवण थांबवण्यासाठी घेतलेल्या दोन ग्रेन अफूच्या गुंगीत ती सुचली, असे त्याने नोंदले आहे. लोक कवितेकडे पाहतात. मी हगवणीकडे पाहतो. अफू तेव्हाही औषध म्हणूनच पोटात गेली होती.

खरा घात पुढे झाला. १८०० साली कोलरिज उत्तरेकडील केसिक गावी, सरोवरांच्या ओलसर प्रदेशात, बिऱ्हाड घेऊन गेला. त्या हिवाळ्यात गुडघे सुजले, पाठ धरली, महिनोन्‌महिने अंथरूण सुटेना. पडल्या पडल्या तो वैद्यकाची नियतकालिके वाचत असे. त्यांपैकी एकात, अशाच सुजेवर लॉडनम बाहेरून चोळून व त्याच वेळी पोटात घेऊन रोगी बरा झाल्याची हकीकत त्याला सापडली. त्याने तो उपाय स्वतःवर केला. सूज ओसरली, भूक लागली, मन प्रसन्न झाले. आठवड्याभराने औषध थांबवले. दुखणे परत आले. पुन्हा घेतले, पुन्हा गेले. आपली गुलामगिरी येथे सुरू झाली, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले.

आज शरीरशास्त्र जे जाणते त्याच्या उजेडात हा प्रसंग पाहिला म्हणजे त्याचा सापळा उघडा होतो. अफू वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. ती रोज येऊ लागली की शरीर तिची सवय करून घेते. तेवढ्याच गुणासाठी मात्रा वाढवावी लागते. आणि ती एकाएकी बंद केली की शरीर उलट खाते. सांधे ठणकतात, पोट सुटते, घाम फुटतो, झोप उडते. कोलरिजचे मूळ दुखणे काय होते? सांधे आणि पोट. म्हणजे अफू सोडल्याचा त्रास आणि जुना रोग यांची सोंगे एकसारखी. बाटली दूर केली की तो समजे, रोग उलटला. आणि बाटली जवळ केली की समजे, औषध लागू पडले. शिवाय दीर्घकाळच्या सेवनाने वेदनेची जाणीव उलट तीव्र होऊ शकते, हेही आता माहीत झाले आहे. दुखणे कोठे संपते आणि औषधाची सावली कोठे सुरू होते, हे रोग्याला स्वतःला कळणे जवळजवळ अशक्य. त्यासाठी दुसरा माणूस लागतो.

पुढची पंधरा वर्षे मी थोडक्यात सांगतो, कारण ती वाचताना मन विटते. १८०२ साली ‘डिजेक्शन’ हे विषण्णतेचे स्तोत्र झाले. उत्तम कवितांचा झरा बहुतेक तेथेच आटला. हवा बदलावी म्हणून १८०४ साली तो माल्टा बेटावर गेला. दिवसा त्याने सरकारी चिटणीसाचे काम नेटाने केले, आणि रात्री टिपणवहीत स्वतःला कोसले. १८०६ साली परतला तो पत्नीपासून वेगळे होण्याचा निश्चय करूनच. मुलाबाळांचा भार साउदीने वाहिला. १८०८ ची रॉयल इन्स्टिट्यूशनमधली व्याख्याने कितीदा तरी पुढे ढकलावी लागली. १८१० साली वर्ड्स्वर्थशी बिनसले. वेजवुड बंधूंनी त्याला वर्षाला दीडशे पौंडांचे वेतन लावून दिले होते. त्यातले अर्धे १८१२ साली थांबले.

१८१४ च्या वसंतात ब्रिस्टलला त्याचा जुना प्रकाशक जोसेफ कॉटल याने त्याची दशा पाहिली आणि खरमरीत पत्र लिहिले. कोलरिजने उत्तरात सगळे कबूल केले. सुखासाठी मी हे घेतले नाही. वेदनेच्या भयाने आणि अज्ञानाने यात ओढला गेलो, असा त्याचा आशय होता. मला वेड्यांच्या खासगी इस्पितळात कोंडून ठेवा, म्हणजे वैद्य देईल तेवढेच घ्यावे लागेल, अशीही त्याची विनवणी होती. इस्पितळ मिळाले नाही. मित्राच्या घरी एक डॉक्टर आणि पाळतीवर एक माणूस नेमला गेला. कॉटलने सांगितलेली एक हकीकत हसावे की रडावे अशी आहे. दोघे धक्क्यावरून चालले होते. औषधाचे दुकान जवळ आले तसे कोलरिजने दूरचे एक जहाज दाखवले आणि ते अमेरिकन असावे असा तर्क केला. रखवालदार म्हणाला, नसावे. मग जाऊन विचारून तर ये, म्हणून त्याला धाडले. आणि तो परत येईपर्यंत खिशातली बाटली भरून घेऊन आपला कवी पूर्वीच्या जागी निमूट उभा!

ज्याने स्वतःच पहारा मागितला तोच पहाऱ्याला फसवतो, यात ढोंग नाही. मात्रा वाढलेल्या शरीरापुढे नुसता निश्चय किती टिकतो ते यात दिसते. रोग्याला चोर ठरवून मागे शिपाई लावला की रोगी चोरी शिकतो.

दोन वर्षांनी, १८१६ च्या एप्रिलात, दैव थोडे अनुकूल झाले. लंडनच्या डॉ. ॲडम्स यांनी हायगेट टेकडीवरील शस्त्रवैद्य जेम्स गिलमन याला चिठ्ठी लिहिली, की एका रोग्याला घरात ठेवून घ्याल काय? गिलमनचा विचार नकाराचा होता. पण पाहुणा संध्याकाळभर बोलला आणि यजमान विरघळला. घरी राहायला येण्यापूर्वी कोलरिजने गिलमनला जे पत्र पाठवले ते मला त्याच्या अनेक कवितांपेक्षा मोठे वाटते. इतर कोणत्याही बाबतीत माझ्या तोंडून असत्य येणार नाही, परंतु या एका विषाच्या बाबतीत मी लपवाछपवी करीन. तेव्हा पहिला आठवडा मला घराबाहेर एकट्याला सोडू नका आणि मला काहीही आणून देऊ नये अशी नोकरांना ताकीद द्या, असे त्याने आधीच बजावले. रोग्याने स्वतःच आपल्या धोक्याचा नकाशा वैद्याच्या हाती दिला.

१५ एप्रिलला तो आला. महिनाभर राहायचे ठरले होते. राहिला अठरा वर्षे, मरेपर्यंत. गिलमनने अफू एकदम तोडली नाही. ती उतरवत आणली आणि मग ठरावीक मात्रेवर स्थिर ठेवली. बाटली कवीकडून वैद्याकडे गेली. जेवणखाण, फिरणे, माणसांची ये-जा यांना नियम आला. आणि पाहा, १८१७ साली ‘बायोग्राफिया लिटरारिया’ निघाले, कवितांचा संग्रह निघाला, १८२५ साली ‘एड्स टु रिफ्लेक्शन’ आले. आठवड्यातून एकदा विद्वानांचा दरबार भरू लागला आणि हायगेटचा हा ऋषी पाहायला लांबून लोक येऊ लागले.

पूर्ण विजय मात्र नव्हता. गावातल्या औषधवाल्याकडून कोलरिज गुपचूप जादा लॉडनम आणीत असे, हे त्या दुकानात काम केलेल्या माणसाने पुढे सांगितले. तरी गिलमनच्या घराचे दार त्याला कधी बंद झाले नाही. मला गिलमनचे मोठेपण येथे दिसते. त्याने कोलरिजला अफूमुक्त केले नाही. त्याला जगण्याजोगे आणि काम करण्याजोगे केले. एक चूक झाली म्हणून रोगी टाकला असता तर या अठरा वर्षांतले एक पानही आपल्या हाती लागले नसते.

आता याच काळातला दुसरा माणूस पाहा. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारा विल्यम विल्बरफोर्स १७८८ साली आतड्यांच्या रोगाने मरणाच्या दारी गेला. डॉक्टरांनी अफू सांगितली. त्याने नाखुशीने घेतली. पुढे १८३३ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, ती रोज चालू होती. पण ती ठरलेल्या गोळ्यांच्या मापाने, ठरलेल्या वेळी, आणि वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच मात्रेत. एवढ्या काळात त्याने गुलामांच्या व्यापारबंदीचा १८०७ चा कायदा करून घेतला. गोळी चुकली तर त्यालाही त्रास होई. म्हणजे शरीराला सवय दोघांच्याही होती. व्यसन एकाला जडले. औषधावाचून शरीर बिघडणे ही सवय. औषधापायी घर, मित्र, शब्द, काम सगळे गमावूनही हात त्याच्याकडेच जाणे हे व्यसन. आपल्याकडे या दोहोंची सरमिसळ होते आणि तिचे प्रायश्चित्त निरपराध रोगी भोगतात.

विल्बरफोर्स पुण्यवान म्हणून वाचला आणि कोलरिज दुबळा म्हणून बुडाला, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. एकाची सुरुवात वैद्याच्या सांगण्याने, मोजलेल्या गोळीने झाली. दुसऱ्याची मासिकातल्या लेखावरून, एकट्याने, बाटलीने. एकाभोवती भरलेले घर आणि नेमाचे जीवन होते. दुसऱ्याभोवती कर्ज आणि एकांत. आणि कोलरिजलाही मोजणारा हात मिळताच तो बराचसा सावरला, ही तर मोठीच साक्ष आहे.

या साक्षीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अलीकडच्या जगानेही मोजली. १९८० साली अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात काही ओळींचे पत्र छापून आले. रुग्णालयात अफूच्या जातीची औषधे दिलेल्या ११,८८२ रोग्यांपैकी, पूर्वीचे व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन जडल्याची नोंद सापडली, एवढाच त्याचा मजकूर. ते रोगी रुग्णालयात, परिचारिकेच्या हातून औषध घेणारे. पण हे पत्र पुढे घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत आधार म्हणून दाखवले जाऊ लागले. १९९६ साली ऑक्सिकाँटिन बाजारात आले. २००७ साली त्याच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा संबंधित कंपनीने न्यायालयात कबूल केला. तोवर हजारो घरांत केसिकचा तो हिवाळा अवतरला होता.

आपल्या देशात तऱ्हा उलटी. नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूपासून औषधी द्रव्ये निघतात. पण १९८५ च्या कडक कायद्यानंतर मॉर्फीन ठेवणे रुग्णालयांना इतके अवघड झाले की कर्करोगाचे असंख्य रोगी त्याच्यावाचून तळमळत गेले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तरी मनातली भीती कायद्याने जात नाही. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला वेदनेत ठेवणे आणि जुन्या कंबरदुखीला बेहिशेबी गोळ्या चारणे, या दोन्हींत रोग्याचा विचार नाही. जुनाट दुखण्याला आधी इतर उपाय करावेत. लागलेच तर थोड्या मात्रेने सुरुवात करावी, ठरावीक मुदतीने पुन्हा तपासावे, आणि थांबवायचे झाले तर हळूहळू उतरवावे. आजचा वैद्य हेच सांगतो, आणि गिलमनने पुस्तकाशिवाय बरेचसे हेच केले.

कोलरिज २५ जुलै १८३४ रोजी हायगेटला वारला. आपल्या मृत देहाची तपासणी व्हावी अशी त्याची इच्छा होती. तशी ती झाली. हृदय वाढलेले आणि छातीत पाणी साठलेले आढळले. आयुष्यभर ज्याच्या दुखण्याला आप्तांनी कधी ढोंग, कधी अफूचे फळ म्हटले, त्याच्या शरीरात रोग खरोखर घर करून होता. सगळ्या तक्रारींचा उलगडा त्याने होत नाही. पण दुखणे खरे आणि व्यसनही खरे, ही दोन सत्ये एका देहात नांदू शकतात एवढे त्याने सिद्ध होते. आपल्या घरात असा रोगी असेल तर त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवावा आणि त्याच्या थेंबांचा हिशेब आपण ठेवावा. कोलरिजला अशा घरासाठी त्रेचाळीस वर्षांचे व्हावे लागले.